गोणपाटाची वेशभूषा

१९६२ साली पोलंडमधल्या ओपोले या लहानशा शहरात दिग्दर्शक येझी ग्रोटोव्स्कींनी ‘अक्रोपोलिस’ बसवलं. विस्पियान्स्कींच्या मूळ नाटकात ईस्टरच्या रात्री क्राकुफच्या कॅथीड्रलमधले पुतळे आणि भिंतीवरच्या पडद्यांतली माणसं जिवंत होतात. ग्रोटोव्स्कींनी ते सगळं उचलून नाझी छळछावणीत नेलं. नटांच्या अंगात गोणपाट. त्याला जागोजाग भोकं, आणि आतून असं अस्तर की सोललेलं मांसच दिसावं. पायांत जड लाकडी बूट, त्यांचा खडखडाट सतत चालू. सामान म्हणाल तर जुना टब, हातगाडी आणि धुराड्याच्या पत्र्याच्या नळ्या. कैदी त्याच नळ्या जोडत जोडत प्रेक्षकांच्या देखत भट्टी उभी करतात आणि शेवटी तिच्यात उतरतात.

ही वेशभूषा आणि हे सामान सुचलं नेपथ्यकार युझेफ शायना यांना (१९२२–२००८). छावणी कशी असते हे त्यांना कुणाला विचारायला नको होतं. आउश्वित्झमध्ये ते कैदी क्रमांक १८७२९ होते. पळून जाताना पकडले गेले, मृत्युदंड झाला, अकराव्या ब्लॉकच्या कोठडीत दिवस काढले. शिक्षा टळली, तशी रवानगी बुखेनवाल्डला. तिथल्या त्यांच्या एका चित्रात कैद्यांच्या रांगा आहेत, आणि प्रत्येकाच्या डोक्याच्या जागी नुसता बोटाचा ठसा. पुढे रंगमंचावरही ते हेच करत राहिले, असं मला वाटतं.

युद्धानंतर क्राकुफच्या कला अकादमीत ग्राफिक्स आणि नेपथ्य शिकून ते १९५५ साली नोवा हुतात, म्हणजे पोलाद कारखान्याभोवती वसवलेल्या नव्या वस्तीत, लोकनाट्यगृहाच्या उभारणीत शिरले. पुढे तिथले संचालकही झाले.

१९७२ साली वॉर्सातलं ‘स्टुडिओ’ नाट्यगृह हाती आलं. आता नेपथ्यकार आणि दिग्दर्शक एकच. त्यांच्या ‘रेप्लिका’ या प्रयोगात जवळपास संवादच नाहीत. मधोमध माती, बूट, चाकं, मोडके पुतळे यांचा ढीग. त्यातून हळूहळू हात-पाय वर येतात आणि कळतं, खाली माणसं आहेत. दान्ते, सर्व्हान्टिस यांच्यावरही त्यांनी प्रयोग केले. संहितेवर प्रेम करणाऱ्याला ते जड जातील. शायनांच्या हातात लेखक बरेचदा निमित्तालाच उरतो. पण ढिगाऱ्यातून वर येणाऱ्या हाताला कुठला संवाद द्यायचा?

डिसेंबर १९८१मध्ये पोलंडवर लष्करी कायदा आला. शायनांनी ‘स्टुडिओ’ सोडलं आणि ते पुन्हा मुख्यतः चित्रांकडे वळले.