लव्हस्टोरीने केला पोपट!

बारावीत असताना डुमरावचा माधव झा आपलाच माणूस वाटला होता. मग गेल्या दिवाळीत, तेल्हाऱ्यात, तेच पुस्तक पुन्हा हातात आलं…

सगळ्यात आधी एक कन्फेशन. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलेलं इंग्रजी पुस्तक जेन ऑस्टिनचं नाही की हेमिंग्वेचंही नाही. ते आहे चेतन भगतचं ‘हाफ गर्लफ्रेंड’. हसलात ना? हसा. पुण्यातला माझा अख्खा ग्रुप हसतो. मास कॉमच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना ‘फेव्हरेट नॉव्हेल’ विचारलं, तेव्हा मी एक भारदस्त रशियन नाव ठोकून दिलं होतं. ते पुस्तक मी आजतागायत वाचलेलं नाही!

पण त्या वेळी ‘हाफ गर्लफ्रेंड’ने मला अक्षरशः वेड लावलं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा मी बारावीत होते. मुक्काम पोस्ट तेल्हारा, जिल्हा अकोला. वर सातपुडा, खाली कपाशी आणि मध्ये आमचं गाव. गावाला रेल्वे नाही. पुण्याला यायचं तर आधी एसटीने शेगाव गाठायचं आणि मग महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची. अशा गावात एका मैत्रिणीच्या भावाने अकोल्याहून हे पुस्तक आणलं आणि आम्ही सहा जणींनी नंबर लावले. प्रत्येकीला दोन दिवस. माझा नंबर शेवटचा होता, त्यामुळे पुस्तक माझ्याकडेच राहिलं. आठ दिवस मी शेजारी डिक्शनरी घेऊन बसले होते. अडलेल्या शब्दांचे अर्थ पेन्सिलने समासात लिहून ठेवले होते.

हा तर आपलाच गडी!

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी स्टोरी थोडक्यात. बिहारमधल्या डुमरावचा माधव झा दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये येतो. इंटरव्ह्यूमध्ये त्याच्या इंग्रजीची पार दाणादाण उडते, पण बास्केटबॉलच्या जोरावर ॲडमिशन मिळते. तिथे भेटते रिया सोमाणी. श्रीमंत, सुंदर, फाडफाड इंग्रजी बोलणारी, आणि बास्केटबॉल खेळणारीही. तो प्रेमात पडतो, ती मैत्रीवर थांबते. मग मधला रस्ता निघतो. मैत्रिणीपेक्षा जास्त, गर्लफ्रेंडपेक्षा कमी. म्हणजे हाफ.

मला रियाशी काही देणंघेणं नव्हतं. मला माधव हवा होता. बॉयफ्रेंड म्हणून नाही हो! मला माधव व्हायचं होतं. तोंड उघडलं की आपलं गाव बाहेर पडेल, ही भीती पुस्तकात कुणीतरी लिहिली होती आणि ते पुस्तक देशभर खपत होतं. म्हणजे ही भीती फक्त आपली नाही, हे मला सतराव्या वर्षी तेल्हाऱ्यात बसून कळलं. हे क्रेडिट चेतन भगतला द्यायलाच हवं. आम्हाला घाबरवणार नाही असं इंग्रजी त्याने लिहिलं. शाळेच्या पाठ्यपुस्तकाला जे दहा वर्षांत जमलं नाही, ते या पुस्तकाला आठ दिवसांत जमलं.

बीए झाल्यावर पुण्यात आले आणि माधवची गोष्ट माझ्या वाट्याला आली. फरक एवढाच की माझी गाडी इंग्रजीवर नाही, मराठीवर अडली. पहिल्याच प्रेझेंटेशनला तोंडून निघून गेलं, “मी तेच सांगून राह्यली आहे.” वर्ग फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, “वऱ्हाड निघालंय लंडनला!” आता गंमत बघा. लक्ष्मण देशपांड्यांच्या त्या एकपात्रीतलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आणि त्यातली बोली मराठवाड्याची. आमच्या अकोला-अमरावतीच्या वऱ्हाडाशी तिचा संबंध नाही. पण हे सांगायला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं ना! मी गप्प बसले. मग सहा महिने घासून घासून ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘तुले’चं ‘तुला’ केलं. घरचा फोन आला की रूमच्या बाहेर जाऊन बोलायचे.

पुन्हा वाचलं आणि…

गेल्या दिवाळीत घरी माळा आवरताना पुस्तक सापडलं. कव्हर फाटलेलं, पण पेन्सिलचे शब्द शाबूत. म्हटलं, चला, जुन्या मित्राला भेटू. दोन दुपारींत वाचून संपवलं. या वेळी डिक्शनरी लागली नाही. आणि बॉस, सॉल्लिड पोपट झाला!

पहिला धक्का डुमरावचा. माधवचं गाव म्हणून माझ्या डोक्यात काय उरलं होतं? उतरती कळा लागलेलं राजघराणं आणि मुलींसाठी टॉयलेट नसलेली एक शाळा. हे गाव म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खान यांचं जन्मगाव. १९१६ मध्ये ते तिथे जन्मले. ज्या गावाने देशाला शहनाईचा सूर दिला, ते माझ्या आठवणीत निव्वळ मदतीची वाट बघणारी जागा होऊन बसलं होतं. गावातली माणसं आपसात कशावर हसतात, कशावर भांडतात, हे मला आठवेना. उद्या कुणी तेल्हाऱ्यावर असंच लिहिलं तर? दोन पानं कपाशी, एक पान दुष्काळ, आणि हिरो पुढच्या गाडीने दिल्लीला!

दुसरा धक्का भाषेचा. पुस्तकाचा सगळा क्लायमॅक्स कशावर उभा आहे? बिल गेट्स शाळेत येणार आणि माधव त्यांच्यासमोर इंग्रजीत भाषण करणार. रिया त्याची तयारी करून घेते. भाषण जमतं, शाळेला मदत मिळते, आपण टाळ्या वाजवतो. सतराव्या वर्षी मीही वाजवल्या होत्या. आता वाटलं, म्हणजे अट तीच राहिली की! मुलाने स्वतःला बदललं तेव्हा जगाने त्याचं ऐकलं. त्याच्या बोलीत काही ऐकण्यासारखं असेल, हा विचार पुस्तकाने मला दिला नाही. मग सहा महिने मी तरी दुसरं काय करत होते?

तिसरा धक्का मात्र जिव्हारी लागला. हॉस्टेलच्या रूममधला तो प्रसंग. रिया नाही म्हणते आणि माधव ऐकत नाही. वर एक घाणेरडं वाक्य तिच्या तोंडावर फेकतो. मी ते पान उघडलं आणि समासात माझंच अक्षर दिसलं. एका अडलेल्या शब्दाचा अर्थ लिहिला होता. बस, एवढंच. सतरा वर्षांच्या मला त्या पानावर फक्त एक शब्द अडला होता, प्रसंग अडला नव्हता! ‘मुलं असतात अशी, प्रेम आहे म्हणून चिडला,’ असं म्हणून मी पुढे गेले असणार. आमच्या सहा जणींपैकी एकीनेही त्या पानावर काही म्हटल्याचं आठवत नाही.

पुढे तर काय, रियाचं लग्न, घटस्फोट, मग जीवघेण्या आजाराची चिठ्ठी ठेवून गायब होणं. आजार खोटा, हे कळल्यावर माधव न्यूयॉर्कमध्ये तिला शोधत बारमागून बार पालथे घालतो. २०१७ मध्ये मोहित सुरीने सिनेमा काढला, तेव्हा त्यात अर्जुन कपूर आणि श्रद्धा कपूर होते. पण मला पुस्तक वाचतानाच सिनेमा दिसायला लागला होता. रिया हे सगळं का करते, हे तिच्याकडून कळायला आपल्याला तिच्या डायऱ्यांची वाट बघावी लागते. तोवर ती फक्त मिळण्याची किंवा न मिळण्याची गोष्ट असते.

आईचा एका ओळीचा रिव्ह्यू

मी चिडून पुस्तक आपटलं तेव्हा आई करंज्या भरत होती. “काय झालं व?” तिने विचारलं. मग मी तिला अख्खी स्टोरी वऱ्हाडीत सांगितली. हॉस्टेलच्या रूमसकट. न्यूयॉर्क आलं तेव्हा तिचा हात थांबला. सगळं ऐकून म्हणाली, “पोरगा इंग्रजी शिकला, हे बेस झालं. पन त्या पोरीले कोनी इचारलं का, का बाई, तुले काय पाह्यजे?”

मी बघतच राहिले. कसला जबरदस्त रिव्ह्यू! आणि तोही ‘तुले’मध्ये.

मग आईनेच सांगितलं की तिची मोठी बहीण चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायची. काकोडकर म्हणजे त्या काळातले सुपरहिट लेखक. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा राजेश खन्नाचा सिनेमा १९६९ मध्ये आला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यांना अश्लीलतेच्या खटल्यात निर्दोष ठरवलं. १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून तो खटला झाला होता. “मावशीला पुढे त्या पुस्तकांचं काय वाटलं?” मी विचारलं. आई हसली. “लग्न झाल्यावर तिनं वाचनंच सोडलं. म्हने, असं काई नसते.”

म्हणजे पोपट फक्त माझा झालेला नाही. प्रत्येक पिढीला एक लव्हस्टोरी लागते आणि प्रत्येक पिढीचा तिच्यावरून एकदा तरी विश्वास उडतो. परदेशातही तेच. कॉलिन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ चं. त्यात मारणारा नवरा आहे. २०२४ मध्ये सिनेमा आला तेव्हा, मारहाणीची ही गोष्ट गोड रोमान्स म्हणून का विकता, असा वाद रंगला.

पण मला मावशीसारखं वाचन सोडायचं नव्हतं. पुण्याला परतताना बॅगेत उद्धव शेळके यांची ‘धग’ होती. १९६० ची कादंबरी. लव्हस्टोरी अजिबात नाही. गरिबी, नवऱ्याचं आजारपण आणि संसार ओढणारी कौतिक. पण ती बोलते ते वऱ्हाडी, आणि त्याबद्दल लेखक कुणाची माफी मागत नाही. शेगावला गाडीत बसले आणि मनमाड येईपर्यंत खाली ठेवली नाही. आपल्या घरातलं बोलणं छापून आलं की ते इतकं भारदस्त दिसतं, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

‘हाफ गर्लफ्रेंड’ मी फेकलं नाही. माझ्या पुण्याच्या शेल्फवर ‘धग’च्या शेजारी ते उभं आहे. आता कुणी ‘फेव्हरेट’ विचारलं तर रशियन नाव सांगत नाही. सांगते की एका पुस्तकाने मला इंग्रजी शिकवलं आणि पुढे त्याच पुस्तकावर मला रागही आला. त्या हॉस्टेलच्या पानावर मी पेन्सिलने आणखी एक ओळ लिहिली आहे, आईची. आणि घरचा फोन आला की हल्ली मी रूमबाहेर जात नाही.

तुमचाही पोपट झालाय?

• आवडतं जुनं पुस्तक पाच-दहा वर्षांनी एकदा पुन्हा वाचा. पुस्तक तेच असतं, आपण किती बदललो ते कळतं.
• स्टोरी घरातल्या कुणाला तरी आपल्या बोलीत सांगून बघा. कुठे पाणी घातलंय ते लगेच समजतं.
• हिरोईनने पुस्तकभरात स्वतःसाठी काय मागितलं? उत्तर सापडलं नाही, तर राग यायला हरकत नाही!