नवजात बालकाची कावीळ : निळ्या प्रकाशाचा उपचार

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या शंभरपैकी सुमारे ६०, तर अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० बालकांना कावीळ होते. बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात. त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निर्माण होते व कोवळ्या यकृताला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप ओसरते. मात्र हे द्रव्य फार वाढल्यास मेंदूत शिरते आणि बाळाला कायमचा बहिरेपणा किंवा अपंगत्व येऊ शकते.

इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात नेलेल्या बाळाचा पिवळेपणा कमी झाला. केवळ चादरीने झाकलेला भाग पिवळा राहिला. त्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचार जगापुढे मांडला. ४६० ते ४९० नॅनोमीटर लहरींचा निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनची रचना बदलतो. मग ते पित्त व लघवीवाटे बाहेर पडते. उपचाराच्या वेळी बाळाचे डोळे झाकतात आणि अंगावर केवळ लंगोट ठेवतात. स्तनपान चालूच राहते.

मग अंगणातील ऊन का पुरत नाही? उन्हाची मात्रा मोजता येत नाही, त्वचा भाजते आणि उघडे बाळ गारठते. काविळीची माळ घालण्यात तर मोलाचे तास वाया जातात.

आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी असते. तेथे पिवळेपणा दिसत नाही. म्हणून बाळाला रोज दिवसाच्या उजेडात आणून कपाळावर व छातीवर बोटाने हलके दाबून पाहावे. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली किंवा शी पांढरट झाली, तरीही तपासणी हवीच.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊसतोडणीच्या हंगामात फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या मातांपर्यंत आपल्या गावची आशा सेविका पोहोचत नाही. अशा बाळाकडे शेजाऱ्यांनी लक्ष द्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांवरील उपचार व तेथवरचा प्रवास विनामूल्य आहे. ही माहिती त्या मातेला वेळेत सांगणे, हेही बाळाला वाचवण्याचेच काम होय.