शेतकऱ्याच्या पोराला शेत काय दाखवायचे?

या हिवाळ्यात नातवाने शाळेतून सहलीचे पत्रक आणले. पहाटे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकातून खासगी बस, नागपूरचा वॉटर पार्क, संध्याकाळी मॉल, रात्री परत. वर्गणीचा आकडा वाचून सून गप्प बसली. मला वेगळीच गोष्ट लागली. १८ जून २०२५ ला सोलापुरात वनखात्यातले लेखक मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा याच शाळेने त्यांच्या फोटोला हार घातला, परिपाठात त्यांची माहिती वाचून घेतली. ज्या नवेगावबांधच्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले, तो तलाव इथून वीसेक किलोमीटरवर आहे. नातवाच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. हार घालणाऱ्या शाळेला पोरांना तिथे न्यावेसे वाटले नाही, याचा मला राग आहे आणि हे लिहिणे त्या रागातून आले आहे.

आमच्या स्वतःच्या शाळकरी सहलींबद्दल सांगण्यासारखे फार नाही. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. सहल म्हणजे रामटेक, नाहीतर नागपूरची महाराजबाग. रांगेत जायचे, रांगेत यायचे. १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले. ते व्हावे म्हणून नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार आणि वनखात्यातले चितमपल्ली यांनी केलेली धडपड पुढे पुस्तकांतून कळली. मी मास्तर झालो तेव्हाही पहिली काही वर्षे जुन्याच वहिवाटीने गेली.

मला सांगायचे आहे ते नव्वदीच्या दहा वर्षांबद्दल. सडक अर्जुनी भागातल्या दोन-तीन शाळांतले आम्ही काही मास्तर आणि दोन बाई एकत्र आलो. वर्षातून एक लांबची सहल नेण्याऐवजी गावाच्या शिवारातच चार-पाच वेळा जायचे ठरवले. पाचवी ते सातवीची मुले. पैसे लागत नसत, लागत ती माणसे.

पहिली फेरी आषाढातली, धानाच्या रोवणीची. एका शेतकऱ्याने रस्त्याकडची बांधी दिली. चिखल करून ठेवलेला, धुऱ्यावर पऱ्ह्याच्या पेंढ्या. मुलांनी अर्धी बांधी गाठी मारलेल्या दोरीच्या रांगेत रोवायची आणि अर्धी बायका रोवतात तशी, नजरेच्या अंदाजाने. शिकवायला रोज रोवणीला जाणाऱ्या मजूर बायका. आमच्याकडे नांगर-वखर पुरुषाचा आणि रोवणी बाईची, हे पोरगे चालायला लागते तेव्हापासून पाहत असते. त्या दिवशी सहावी-सातवीची मुले कंबरेत वाकून रोवत होती आणि एक बाई त्यांना सांगत होती, खोल खुपसू नको, फुटवे येत नाहीत. तिचा मुलगा त्याच वर्गात होता. आपल्या आईला सारा वर्ग 'बाई' म्हणून विचारतो आहे, हे त्याने पहिल्यांदा पाहिले. शाळेने त्याला त्याहून मोठे काही दिले असेल असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या आधी तीच बांधी पुन्हा. दोन्ही भागांतले फुटवे मोजायचे, लोंबीतले दाणे मोजायचे, सरासरी काढायची. गणिताच्या पुस्तकातली सरासरी ज्यांना दोन वर्षे चकवत होती, त्यांना ती चिखल सुकलेल्या बांधीत समजली. काही वर्षी दोरीचा भाग पुढे असे, काही वर्षी बायकांचा, आणि का याची भांडणे वर्गात आठवडाभर चालत. कोणी म्हणे तिकडे सावली होती, कोणी म्हणे पाणी त्या बाजूला साचत होते. एवढे वाद पुस्तकातल्या धड्यावर कधी झाले नाहीत.

नवेगावबांधला आम्ही सौंदडहून रेल्वेने देवलगावला उतरून जात असू. तलाव दाखवण्याआधी मुलांना डोंगर पाहायला लावायचे. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. त्यांच्यातली खिंड कुठे बांधली की पाणी अडेल, हे मुलांनी मातीचा नकाशा करून आधी ठरवायचे आणि मग पाळ बघायला जायचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला. लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिले. आपल्यासारख्याच एका धान पिकवणाऱ्या माणसाने हे केले, हे कळल्यावर पोरे त्या पाळीवर वेगळ्या पायांनी चालत.

पुढचा मास्तर मासे धरणारा ढिवर. मुली डोंग्यात बसत, जाळ्याचे फासे पट्टीने मोजत. लहान फाशाचे जाळे पावसाळ्यात टाकले की पुढच्या वर्षीची मरळ आजच संपते, हे त्याने एका वाक्यात सांगितले. पाण्यातली गाद कुठली, देवधान कुठले, कोणत्या वनस्पतीत मासा अंडी टाकतो आणि कशावर बदक उतरते, हे त्याला पाठ होते. आम्ही मास्तर धुऱ्यावर बसून मुलांसोबत लिहून घेत होतो. पुढे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या याच ज्ञानाच्या आधारे तलावांत वनस्पती परत लावण्याचे काम केले, तेव्हा त्या वह्यांची आठवण आली. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाण्याचे धनी कोण हेच कोणाला उमगेना. आज कितीतरी बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, बेशरमाचे रान माजले आहे. ज्या पोराने त्या पाण्यात कधी हातच घातला नाही, तो उद्या सरपंच झाला तरी बेशरम कशाला काढेल?

कला आम्ही वेगळ्या तासाला ठेवली नव्हती. पोळ्याआधी कुंभाराकडे मातीचे बैल, तान्ह्या पोळ्याला ते मिरवायचे. बुरडाकडे सूप आणि टोपली: किती काड्या उभ्या, किती आडव्या, एक सोडून की दोन सोडून, यावर विणीची नक्षी बदलते. पाढ्यांना घाबरणारी एक मुलगी ती वीण पाहून कागदावर मांडू लागली, तेव्हा बुरडाने तिला हातातली पाती देऊन टाकली. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत दंडार आणि नाटके असत. रात्रीचा खेळ पाहायला सारे गाव जायचे. आम्ही मुलांना दुपारी न्यायचो, पडदे रंगवणाऱ्याकडे. महालाचा पडदा जवळून नुसते फटकारे असतो आणि वीस पावलांवरून त्याचे खांब उभे राहतात, हे मुलांनी मागे-पुढे धावून पाहिले. परत आल्यावर शाळेच्या मागच्या भिंतीवर चुना, गेरू आणि काजळीने आपला पडदा काढला. त्यावर महाल नव्हता, धानाचे पुंजणे होते.

या फेऱ्यांना विरोध झाला आणि तो आमच्याच खात्यातून झाला. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, "शेतकऱ्याच्या पोराला शेत काय दाखवायचे? ते तर रोजच बघते." सगळे हसले. तीस वर्षे झाली, तो प्रश्न अजून सलतो. रोज बघते ते कामाला हाकलले म्हणून, शिव्या खात. त्याने काही विचारलेले नसते, कोणी त्याला काही सांगितलेले नसते. ज्या कामातून सुटायला म्हणून आईबाप शाळेत पाठवतात, तेच काम शाळेने मान देऊन पुढे ठेवले तर मूल त्याकडे पुन्हा बघते. हे आमचे शोध नव्हते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडले. वर्धा आपल्याच विदर्भातले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. साहेबांना हे माहीत नसेल असे नाही, परीक्षेत त्यांनी ते लिहिले असणार.

दुसरा घाव तक्रारीचा. मुलांना शेतात राबवतात, असा अर्ज कोणीतरी केला. वर्षातून दोनदा, एका बांधीत, पालकांच्या सहीने. चौकशीत काही निघाले नाही, पण मुख्याध्यापक घाबरले आणि रोवणीची फेरी आधी बंद झाली. १९९९ च्या महाराष्ट्रदिनी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. जिल्हा जवळ आला तर कामे सोपी होतील असे वाटले होते. कागद मात्र जवळ आले. आमच्यातले दोघे बदलून गेले, एक बाई निवृत्त झाल्या.

त्यानंतरची वर्षे भरभर सांगतो. हरित सेनेचे फलक लागले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचे मला मनापासून समाधान आहे. पण जंगल आता गेट, बुकिंग आणि जिप्सीचे झाले, आणि खेड्यातली शाळा त्या हिशोबात बसत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची १४ मुले बुडाली. त्या आईबापांचे दुःख कोणी मोजू नये. पण त्यानंतर अटींची यादी इतकी वाढली की शिवारात चालत नेण्यापेक्षा तिकीट लावणाऱ्या बागेत नेणे शाळेला सोपे झाले, कारण तिथे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात असते. कोहमाऱ्यावरून जाणारा सहा नंबरचा महामार्ग ५३ नंबरचा झाला, चौपदरी झाला. हजिऱ्याहून कोलकात्याकडे जाणारे ट्रक थांबत नाहीत. पाचवीचा वर्ग ओळीने रस्ता ओलांडून तलावाकडे नेण्याचे धाडस मी आज तरुण मास्तरला सांगणार नाही.

शेतीही तशी राहिली नाही. मजूर मिळत नाही म्हणून आवत्या, म्हणजे रोवणीऐवजी बी फेकून पेरणे, वाढला, हार्वेस्टर आले, पुंजणे कमी झाले आणि चुरणीच्या रात्री गेल्या. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांमध्ये, आणि तोही मूठभर. त्याची अंडी बांधीत असतात. ती बांधी ज्याची, त्याच्या पोराने शाळेत सारस शिकला असेल तर घरटे राहते.

याच वेळी शहरात शेत विकत मिळू लागले. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. नागपूर-पुण्याच्या इंग्रजी शाळा मुलांना घेऊन जातात, बैलगाडीत बसवतात, चिखलात उतरवतात, कुंभाराच्या चाकाला हात लावू देतात. त्या मुलांना ते मिळते याचा मला आनंद आहे. मला सलते ते हे की ज्या गोष्टीसाठी शहरातला बाप पैसे मोजतो, ती आमच्या पोरांच्या दाराशी असताना आम्ही त्यांना शहराच्या नळाच्या पाण्यात डुंबायला पाठवतो. वॉटर पार्कचा आनंद खोटा नाही. एकदा जरूर न्या. शाळेच्या वर्षातली एकुलती एक सहल ती असू नये.

कागदावर तर सारे अनुकूल आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस बिनदप्तराचे आहेत. २०२४ पासून प्राथमिक शाळांना आनंददायी शनिवार आला. दहावीच्या भूगोलाचा पहिला धडाच क्षेत्रभेटीचा आहे. शालेय सहलीला एसटीत निम्मे भाडे आहे. आमच्या वेळी यातला एक कागद असता तर त्या अर्जाला उत्तर देता आले असते. आज शनिवारी मुले शाळेच्या आवारात उभी राहतात, फोटो निघतो, वर पाठवला जातो.

मी नातवाच्या शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापक तरुण आहेत, ऐकून घेतात. रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी, शाळेच्याच बाजूची एक बांधी मी पाहून ठेवली आहे. शेतकरी पूर्वी माझ्याकडे सातवीत होता. शिकवायला दोन बाया तयार आहेत आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज शाळेने द्यावा, फुकट बोलावू नये, एवढीच माझी अट आहे. केंद्रप्रमुखांची परवानगी यायची आहे. पऱ्हे मृगात टाकतील, म्हणजे कागदाला अजून पाच महिने आहेत.