यकृताचे दुखणे आणि मेंदूचा गोंधळ

संपाचे कारण वेगळे आणि निमित्त वेगळे, हे आम्ही कामगार चळवळीत शिकलो. कारण वर्षानुवर्षे साचते. निमित्त एका दिवसात घडते. यकृताच्या जुन्या दुखण्यात मेंदू बिघडतो, तेव्हाही हाच भेद ध्यानी घ्यावा लागतो.

आतड्यात प्रथिनांपासून अमोनिया निर्माण होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया बनविते व तो लघवीवाटे जातो. यकृत निबर होऊन आक्रसले की हे काम अडते. शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून जाऊ लागते. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. १८९३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांतील रक्त यकृताबाहेरून वळविले, तेव्हा मांस खाल्ल्यावर ती भ्रमिष्टासारखी वागू लागली.

हे झाले कारण. आता निमित्ते पाहू. बद्धकोष्ठ झाले की अमोनिया आतड्यात साचतो. अन्ननलिकेत किंवा जठरात रक्तस्राव झाला तर ते रक्तही प्रथिनच. शौचास डांबरासारखे काळे होते. पोटातील पाण्यात किंवा अन्यत्र जंतुसंसर्ग होतो. जुलाब, वांत्या किंवा लघवीच्या औषधांचा अतिरेक यांनी पाणी व पोटॅशियम घटते. झोपेच्या गोळ्या आणि अफूच्या जातीची वेदनाशामके यांचाही यात समावेश होतो.

रात्री जागरण, दिवसा झोप, बिघडलेले अक्षर, पसरलेल्या हातांच्या पंजांची फडफड, ही लक्षणे होत. अशा माणसाला कारखान्याच्या दारावर 'पिऊन आला' म्हणून हाकलतात आणि घरचे देवऋषी गाठतात. मोलाचे तास वाया जातात. वास्तविक हिपॅटायटिस बी आणि सी यांनीही यकृत असे निकामी होते. दारूचा थेंब न घेतलेल्यावरही ही पाळी येते.

उपचारात प्रथम निमित्त शोधून दूर करतात. लॅक्ट्युलोज देऊन दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल असे पाहतात. डाळ, दूध, अंडी बंद करण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २०१४ साली युरोप-अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगितले. उपाशी ठेवल्याने स्नायू झिजतात, आणि अमोनिया निकामी करण्यात स्नायूंचाही वाटा असतो.

तेव्हा यकृताचा रोगी असंबद्ध बोलू लागला, तर त्याला वेडा किंवा दारुडा ठरवू नका. थेट रुग्णालयात न्या. शौच कधी झाले, कसे झाले, ताप आहे काय, कोणती गोळी घेतली, हे डॉक्टरांना सांगा. निमित्त वेळीच सापडले तर तो बहुधा पुन्हा भानावर येतो.