गच्ची गळते की भिंत ओलावते?

- गळती : पाणी वरून किंवा बाजूने झिरपते. वाटा : गच्चीच्या भेगा, पॅरापेटचा सांधा, फुटका पाइप.
- ओल : जमिनीतले पाणी जोत्यातून भिंतीत चढते. डाग साधारण १ मीटर उंचीपर्यंत. जोत्यावर ओलरोधक थर नसणे हे नेहमीचे कारण.
- लोणा : विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन पांढरे फुटतात.
- विटांचा कोबा : गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा थर. उतार साधारण १०० फुटांना १ फूट, पन्हाळीकडे.
- चाचणी : गळती तपासायला कोब्यावर २४ ते ४८ तास पाणी तुंबवतात.
- क्युरिंग : नव्या प्लास्टरवर किमान ७ दिवस पाणी मारतात.
- रंग : भिंत पूर्ण सुकल्यावरच, ओल्या भिंतीवर पापुद्रे सुटतात.