फोटो कुठल्या तिथीचा?

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. जानेवारीतल्या निवांत समुद्राची दोन उपग्रहचित्रे मी एकावर एक ठेवली. एक लँडसॅट ८चे, दुसरे आठ दिवसांनंतरचे लँडसॅट ९चे. मधे ना वादळ, ना पाऊस. तरी पाण्याची कड जवळजवळ एक पिक्सेल, म्हणजे तीसेक मीटर हललेली.

चित्रे तिथल्या एका गाबीत (मासेमार) आजोबांना दाखवली. त्यांनी आधी विचारले, “फोटो खयच्या तिथीचो?”

पहिला पौर्णिमेचा होता, दुसरा अष्टमीचा.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कोकणात हा हिशेब तोंडीच चालतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा, म्हणजे बाराच्या सुमारास सुकती. उपग्रह इथून जातो सकाळी अकराच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत त्याला दरवेळी भरलेला समुद्र दिसतो, भांगाच्या, अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत उतरलेला. उधाणाची सुकती पहाटे आणि संध्याकाळी; ती त्याच्या चित्रात येतच नाही.

पाणी आणि वाळू वेगळी करणे त्यामानाने सोपे. पाणी अवरक्त प्रकाश शोषते, कोरडी वाळू परतवते. ओली वाळू आणि लाटांचा फेस तेवढा फसवतो. भरतीने कड किती सरकते हे काढायला किनाऱ्याचा उतार लागतो; खरे कष्ट तो मोजण्याचे. सुकतीला दोन पट्ट्या आणि गवंड्याची पाण्याची नळी घेऊन आम्ही कोरड्या वाळूवरून पाण्यापर्यंत गेलो, दर पाच मीटरला उंची लिहीत. वीस मीटरला एक मीटर उतार निघाला. दोन्ही चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत सव्वा मीटरचा फरक होता. सव्वा गुणिले वीस, पंचवीस मीटर! तेवढी कड सरकवल्यावर दोन्ही रेषा जवळजवळ जुळल्या. किनारा जागेवरच होता.

हा उतारही कायमचा नसतो. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, नंतर हळूहळू परत आणून टाकतो. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशीच करायची.

लँडसॅट ५ची चित्रे १९८४पासूनची आहेत. समुद्र वर्षाला एक मीटर आत येत असेल, तर चाळीस वर्षांत चाळीस मीटर. त्यात भरतीची पंचवीस मीटरची चूक मिसळली, तर त्यावरून काढलेल्या नकाशाप्रमाणे दगडी बंधारा भलत्याच वाडीसमोर पडेल आणि ज्याच्या दारातला माड खरोखर गेला त्याचे कोणी ऐकणार नाही.

तुमच्या गावचा असा नकाशा कोणी समोर ठेवला, तर चित्राची तारीख आणि वेळ मागून घ्या, आणि पंचांग उघडा.