माळ्यावरचे बिऱ्हाड

कोकणातील कौलारू घरांत किंवा देशावरच्या जुन्या वाड्यांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना निजानीज झाल्यावर माळ्याच्या फळ्यांवरून कोणीतरी भरीव पावले टाकीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्याचा आवाज चांगला परिचित आहे. आणि ती घरे पाडून त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या तरी तो आवाज नाहीसा झालेला नाही, कारण जिन्यावरचे पत्र्याचे छप्पर, दिवाणखान्याच्या शोभेसाठी लावलेले फॉल्स सीलिंग, एसीच्या नळ्यांसाठी पाडून तसेच उघडे ठेवलेले भोक आणि वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेली टाकीमागची पोकळी या सर्व जागा रानातल्या जिवाच्या दृष्टीने माळेच आहेत. आवाज ऐकताच घरात जी धांदल उडते तीत विचाराला अवसर राहत नाही. कोणी काठी शोधतो, कोणी धुरी करण्याची तजवीज करतो, कोणी उंदरांचे विष आणावयास धावतो आणि जो त्यांतल्या त्यात दयाळू म्हणवतो तो पिंजरा मागवतो. वस्तुतः या प्राण्याला इजा न होता घर मोकळे करण्याचा जो मार्ग आहे, तोच घर कायमचे मोकळे ठेवण्याचाही आहे, आणि अन्य सर्व उपायांनी काही आठवड्यांची उसंत मिळण्यापलीकडे फारसे काही साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे या आवाजाचा धनी बहुधा उदमांजर असते. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. दोन ते पाच किलो वजनाचा, अंगाने लांबट, करड्या-काळ्या राठ केसांचा हा प्राणी पाठीवरील ठिपक्यांच्या अस्पष्ट ओळींवरून, डोळ्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्यावरून आणि जवळजवळ अंगाइतक्याच लांब शेपटीवरून ओळखता येतो. दिवस तो झोपेत घालवतो आणि अंधार पडल्यावर पन्हळीच्या नळावरून, केबलवरून किंवा छपरावर झुकलेल्या आंब्याच्या फांदीवरून खाली उतरून आंबा, चिकू, पपई, जांभूळ, उंबर, उंदीर, पाली, किडे असे जे मिळेल ते खात हिंडतो. सकाळी गच्चीच्या कठड्यावर जांभळाच्या किंवा उंबराच्या अखंड बियांनी भरलेली काळपट, चिकट विष्ठा आढळली, की पाहुणा कोण याविषयी शंका उरत नाही. त्या बिया हीच त्याची निसर्गातील कामगिरी होय. भेरली माडाच्या फळांचा रस माणसाच्या कातडीला असह्य खाज आणतो, तरी उदमांजर ती फळे आवडीने खाते आणि त्यांच्या बिया मूळ झाडापासून दूर नेऊन टाकते. मसणातली प्रेते उकरणारा मसण्याऊद तो हाच, अशी जी भीती गावोगाव सांगितली जाते, तिला याच्या बाबतीत कसलाही आधार नाही. कोंडीत सापडल्याखेरीज तो माणसाच्या अंगावर येत नाही. मात्र कोंडीत सापडला तर कडकडून चावतो आणि शेपटीखालच्या ग्रंथींतून उग्र दर्प सोडतो, म्हणून त्याला कोंडीत न पकडणे हे उभयपक्षी हिताचे आहे.

पिंजऱ्याविषयी सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण पुष्कळ सज्जन माणसे तोच सर्वांत सौम्य उपाय समजतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत केवळ ठार मारणे येत नसून पकडणे, सापळ्यात अडकविणे, विष घालणे, हाकून लावणे आणि पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे हे सर्व येते. आणि नवव्या कलमान्वये संरक्षित प्राण्याची अशी शिकार करण्यास मनाई आहे. म्हणजे स्वतःच पिंजरा लावून उदमांजर पकडणारा आणि ते गाडीच्या डिकीत घालून सिंहगडाच्या पायथ्याशी सोडून येणारा गृहस्थ मनाने कितीही निर्मळ असला, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून कायद्याच्या कक्षेबाहेर पाऊल टाकीत असतो.

कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी हा उपाय फोल आहे, आणि त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट पुरावा माळ्यावरून नव्हे तर जुन्नरच्या उसाच्या शेतांतून मिळाला. शेतात दिसणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपक्रम तेथे फेब्रुवारी २००१ मध्ये सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातील नोंदींचा अभ्यास करून २०११ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती, ती उपक्रम सुरू झाल्यावर १७ वर गेली. बिबट्या आणि उदमांजर यांत अर्थातच जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु ज्या प्राण्याला आपला मुलूख, त्यातील पाणवठे, फळझाडे आणि लपण्याच्या जागा पाठ असतात, त्याला अनोळखी जागी सोडले म्हणजे तो तेथील मूळ प्राण्याच्या हद्दीत उपरा ठरतो, भुकेला राहतो, परतीची वाट शोधतो आणि पुष्कळदा रस्त्यावरच्या वाहनाखाली सापडतो, ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे. शिवाय त्याची मोकळी झालेली जागा, भोक उघडे असेल तर, दुसरे उदमांजर लवकरच ताब्यात घेते. आणि पकडलेली मादी असेल व पिल्ले माळ्यावर राहिली असतील, तर पुढे काय होते हे सांगणेही क्लेशकारक आहे: दोन दिवस बारीक कुईकुई ऐकू येते, मग ती थांबते आणि त्यानंतर दुर्गंधी सुटते.

यासाठी पहिले काम हाकलण्याचे नसून जाणून घेण्याचे आहे. माळ्यावर आहे ते कोण, ते कोठून येते आणि त्याला पिल्ले आहेत काय, हे तीन प्रश्न सुटल्याखेरीज कोणत्याही वस्तूला हात लावू नये. दिवसा उजेडी घराभोवती फेरी घातली, तर ज्या भोकातून ये-जा आहे त्याच्या कडेला अंगाच्या घर्षणाने आलेला तेलकट काळसर डाग, अडकलेले राठ केस किंवा भिंतीवर नखांचे ओरखडे दिसतात. मग संध्याकाळी त्या भोकाच्या आत चाळलेली राख किंवा रांगोळी पातळ पसरावी आणि सकाळी पाहावे. उदमांजराच्या पावलात पाचही बोटांचे ठसे उमटतात, मांजराच्या पावलात चारच. आतून बाहेर गेलेली पावले आणि पहाटे परत आलेली पावले ओळखता आली, की त्याच्या दिनक्रमाचे वेळापत्रकच हाती येते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला मात्र धीर लागतो. उदमांजराची वीण वर्षातील कोणत्याही ऋतूत होऊ शकते, एका वेळी साधारणतः दोन ते पाच पिल्ले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत आईमागून बाहेर पडू लागतात. दिवसा माळ्यावरून बारीक आवाज येत असेल, तर एवढी मुदत त्यांना द्यावी. जेथे छप्पर गळण्याची वा विजेच्या तारा कुरतडल्या जाण्याची तातडी नाही, तेथे ही मुदत कोणत्याही घराला परवडण्यासारखी आहे. खरोखरच निकड असेल, तर दिवसभर माळ्यावर दिवा जळत ठेवणे आणि रेडिओ लावून ठेवणे एवढा सौम्य त्रास पुरतो. मादीला बहुधा लपण्याच्या आणखी एक-दोन जागा ठाऊक असतात आणि माळ्यावरची शांतता भंगली म्हणजे ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून तिकडे हलवते. तिच्या वाटेत उभे न राहणे एवढेच आपले कर्तव्य. डांबराच्या गोळ्या ओंजळी-ओंजळीने टाकण्याची जी प्रथा आहे ती मात्र सर्वस्वी टाकून द्यावी. त्या वाफांनी प्राणी हलेलच असे नाही, परंतु खालच्या खोलीत झोपलेल्या तान्ह्या मुलाला त्या निश्चित अपायकारक आहेत.

पिल्ले हिंडती झाली, की मुख्य काम एका संध्याकाळचे असते. बाकीची सारी छिद्रे आधी बुजवून एकच वाट मोकळी ठेवावी, तिच्यावर केवळ बाहेर उघडणारी, वरून बिजागरीने टांगलेली पत्र्याची झडप बसवावी, आणि काही रात्री आतील राखेवर नवे ठसे उमटत नाहीत अशी खातरजमा झाल्यावर ती वाटही पक्की बंद करावी. झडप बसविणे जमत नसेल, तर भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा घालून ठेवावा; दोन-तीन दिवस तो जागचा हलला नाही म्हणजे आत कोणी उरलेले नाही असे समजण्यास हरकत नाही. बंदोबस्त करताना प्लास्टिकची जाळी, थर्मोकोल किंवा फोम यांवर पैसे घालवू नयेत. गॅल्वनाइज्ड वेल्डमेश जाळी, आणि उंदीरही रोखावयाचे असतील तर अर्ध्या इंचाच्या आतील घरांची, चौकटीला स्क्रूने आवळून बसवावी. कौलारू घरात आढ्याजवळची आणि वळचणीची फट याच जाळीने बंद होते. पूर्वी वैशाखात घर शाकारताना प्रत्येक कौल हातातून जात असे, फुटके निवडले जाई, वासे-रीप तपासले जात, आणि त्याच ओघात माळ्यावर कोणी नांदते आहे हेही कळत असे. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर पसरलेल्या मंगलोरी कौलांनी आणि पुढे पत्र्यांनी ही दरसालची दगदग कमी केली, हे इष्टच झाले. परंतु छपराची दरसाल होणारी ती तपासणीही तीबरोबर गेली, आणि ती पुन्हा सुरू करावी असे मला मनापासून वाटते. छपरावर झुकलेल्या फांद्याही त्याच वेळी दोन-अडीच मीटर मागे छाटाव्यात.

वटवाघळांच्या बाबतीतही हेच तत्त्व, केवळ साधन वेगळे. वळचणीत राहणारी कीटकभक्षी जात अगदी छोटी असते, अंगठा शिरेल एवढ्या फटीतून आत जाते आणि रात्रभर डास-पतंग टिपते. फटीच्या वर व दोन्ही बाजूंना बारीक जाळी चिकटवून खालची बाजू लोंबती ठेवली, तर ती सरकत बाहेर पडतात पण परत शिरू शकत नाहीत. आठवडाभराने फट बुजवावी. पिल्ले उडू लागण्यापूर्वी हे केले तर ती आत उपाशी मरतात, म्हणून माद्यांच्या पोटाला पिल्ले चिकटलेली दिसत असतील तर महिना-सव्वा महिना थांबावे. उघड्या हाताने वटवाघळाला कधीही धरू नये. चावल्यास जखम साबणाने भरपूर धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

गव्हाणी घुबडासाठी मात्र मी वाचकांपाशी विशेष रदबदली करतो. त्याच्या पांढऱ्या हृदयाकृती चेहऱ्याला आणि फुत्कारासारख्या आवाजाला भिऊन अपशकुनाच्या नावाखाली आपण त्याचा जो छळ केला, त्याला सीमा नाही, आणि तो सारा अशा पक्ष्याचा की ज्याचे मुख्य अन्न उंदीर आहे. पिल्ले उडेपर्यंत साधारण दोन महिने लागतात. त्यानंतर भोक बंद करावे आणि गावाकडे जागा असेल तर भिंतीच्या बाहेर उंचावर लाकडी पेटी टांगावी. पुष्कळदा तीच जोडी तेथे राहावयास येते. धामणही माळ्यावर उंदरांच्याच मागावर चढते. ती बिनविषारी असली तरी ओळखण्यात सामान्य माणसाची गफलत होते, तेव्हा हात न लावता जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

विषाचा उल्लेख शेवटी करतो, कारण त्याचा दोष उशिरा दिसतो. ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदगतीने उघड्यावर हिंडतो, त्याला घुबड, उदमांजर किंवा शेजारचे पाळीव मांजर खाते, आणि विष त्याच्या पोटात जाते. उंदीर कमी करणारे शिकारी अशा रीतीने आपणच संपवतो. चिकट फळीवर तर उंदराबरोबर पाल, खार आणि चिमणीही अडकते, आणि तासन्‌तास तडफडत राहते.

जखमी प्राणी आढळला, पिल्लू एकटे सापडले किंवा प्राणी खोलीत येऊन अडकला, तर महाराष्ट्र वनखात्याच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर खबर द्यावी. वनकर्मचारी येईपर्यंत खोलीचे दार बंद करून बाहेरची एक खिडकी उघडी ठेवावी, दिवा मालवावा आणि बघ्यांना दूर ठेवावे. पुष्कळ वेळा अंधार पडताच प्राणी आपण होऊन निघून जातो. पिल्लाला गाईचे दूध पाजू नये, त्याने हगवण लागते. ते जखमी नसेल तर खोलगट खोक्यात जुने सुती कापड घालून, सापडले त्याच जागेजवळ संध्याकाळी ठेवावे. जुन्नर भागात ऊसतोडणीत सापडलेले बिबट्याचे बछडे याच रीतीने, वनखाते आणि वन्यजीवरक्षक संस्थेच्या देखरेखीखाली, आईकडे परत पोहोचविले गेले आहेत, आणि उदमांजराची आई तर त्याहून जवळ, शेजारच्याच झाडावर असण्याचा संभव असतो.

सर्व निघून गेल्यावर माळा झाडताना वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून फुफ्फुसांचे विकार होऊ शकतात. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे घालून ती आधी जंतुनाशक पाण्याने भिजवावी, खरडून पिशवीत बांधावी, फळ्या पुसून घ्याव्यात, आणि विजेच्या तारांचे वेष्टन कोठे कुरतडलेले आहे काय हे त्याच दिवशी वायरमनकडून तपासून घ्यावे. पावसाळ्याचे पाणी जाळीच्या कडेने आत झिरपत नाही ना, हे मात्र मृगाच्या पहिल्या सरींनंतर पुन्हा एकदा वर चढून पाहावे लागते.